कापरेकर सरांची सतरा अंकी संख्या

या स्मरणिकेत बहुतेकजण आपापल्या आवडत्या शिक्षकांवर लिहिणार, हे मी धरूनच चालले आहे. मीही एका शिक्षकांवरच लिहिते आहे, फक्त ते आपल्या शाळेत कधी नव्हते. ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत गणित शिकवायचे. १९६२ साली ते निवृत्त झाले आणि १९८६ साली, म्हणजे आपण पाढे पाठ करत होतो त्या सुमारास, वारले. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांची ६१७४ ही संख्या तुमच्यापैकी अनेकांना व्हॉट्सअॅपवरून माहीत असेल. तिच्याकडे मी येणारच आहे. पण माझी लाडकी संख्या दुसरी आहे, आणि ती चांगली सतरा अंकी आहे:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि परत एकपर्यंत उतरायचं. उलटी वाचली तरी तीच. साधारण एकशेतेवीस कोटी कोटी एवढी मोठी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थानांची नावं घेतली तर डावीकडचा पहिला १ 'मध्य' या स्थानी बसतो आणि 'परार्ध' फक्त एक घर पुढे राहतं. ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग. कापरेकरांनी अशा संख्यांना नाव दिलं 'डेमलो'. ते नाव कुठून आलं, हे समजायला त्यांचं आयुष्य थोडं पाहावं लागेल.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषावर आपला विश्वास असो वा नसो, पत्रिका मांडायची तर आकडेमोड भरपूर करावी लागते. ती गोडी मुलाला घरातच लागली. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली आणि पुढे वडिलांनीच त्याला वाढवलं. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झालं. गणिती कोडी सोडवत बसणं हा त्या वयातला त्यांचा मुख्य उद्योग होता.

१९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. केंब्रिजला सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळवणारे पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, हे फर्ग्युसनचे प्राचार्य होते, आणि त्यांच्या नावाने गणितातल्या स्वतंत्र कामासाठी विद्यार्थ्यांना एक पारितोषिक दिलं जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळालं. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. पुढचं औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलं नाही. ना एम. ए., ना पीएच. डी., ना विद्यापीठातली नोकरी. पदवीनंतर लगेच ते देवळालीला शिक्षक म्हणून गेले आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले.

देवळाली हे लष्करी छावणीचं गाव. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक तिथल्या तळावर पडून राहायचे आणि कंटाळून त्यांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसासाठी 'डुलाली' असा शब्दच रूढ झाला. त्या देवळालीत एक शाळामास्तर शाळा सुटल्यावर आकड्यांशी खेळत बसतो, हे पाहून गावातल्या कोणाला तो शब्द आठवला असेल तर नवल नाही. आपल्याला संख्यांचं व्यसन आहे, हे कापरेकर स्वतःही मोकळेपणाने मान्य करत. पण हे व्यसन त्यांनी वर्गाबाहेर ठेवलं नाही. त्यांच्या शिकवण्याला रंग त्यामुळेच चढला, आणि आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानांची बोलावणी येत.

आता डेमलो. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर एक स्टेशन होतं, ज्याचं नाव ते डेमलो असं लिहीत. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना त्यांना त्या स्टेशनवर सुचली, म्हणून संख्यांना स्टेशनचं नाव. गणितात संख्यांना फ्रेंच पाद्र्यांची, जर्मन प्राध्यापकांची नावं आहेत. मध्य रेल्वेवरच्या स्टेशनचं नाव मिरवणारी ही एक. डोंबिवलीकर वर्गमित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

नऊ एकांचा वर्ग असा सुंदर का येतो, ते पाचवीतल्या गुणाकारातच दिसतं. १११११११११ ला त्याच संख्येने गुणायचं म्हणजे तीच ओळ नऊ वेळा एकाखाली एक लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांची बेरीज करायची. कडेच्या रकान्यात एकच १, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, असं करत मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत एक. कुठेच बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि जिना जसाच्या तसा दिसतो. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा शिरतो आणि जिना मोडतो. १११११११११११ नव्हे, मोजून दहा एक, म्हणजे ११११११११११ चा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. बघा, ८ गायब झाला आणि मध्ये दोन शून्यं बसली.

पण कापरेकर केवळ जिन्यावर खूश झाले नाहीत. त्यांना त्यामागचा नियम हवा होता. त्यांनी डेमलो संख्येचे तीन भाग पाडले: डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक पुन्हा पुन्हा येतो, आणि डावा व उजवा भाग मिळवले की बेरजेतही तोच अंक भरतो. छोटं उदाहरण १६६५. डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, आणि मध्ये सहाच. आता आपली सतरा अंकी संख्या घ्या. डावा भाग १२३४५६७८, उजवा ८७६५४३२१, मध्ये ९. बेरीज करून पाहा: ९९९९९९९९. नुसती नजरेला आवडलेली रचना आणि व्याख्येत बसवलेली रचना यांत फरक असतो. तो फरक म्हणजेच गणित. या विषयावरचा त्यांचा लेख १९३८ मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये आला, आणि १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासोबत त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात डेमलो संख्यांचा सिद्धांत मांडला.

संख्यांचे असे अनेक गट त्यांनी शोधले आणि प्रत्येकाचं आपल्या भाषेतल्या माणसासारखं बारसं केलं. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला, तर ती 'हर्षद', आनंद देणारी. १८ ला ९ ने भाग जातो, २४ ला ६ ने. आपली सतरा अंकी संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की बाकी न उरता १५२४१५७८९९७१०४१ येतात. हा योगायोग नाही. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून त्याच्या वर्गाला ८१ ने जाणारच. तिचे मूळ अवयव पाहिले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. एवढ्या लांबलचक संख्येच्या पोटात फक्त तीन मूळ संख्या.

दुसरा गट स्वयंभू संख्यांचा. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची जननी. काही संख्यांना अशा दोन जननी असतात: १०१ ही ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. आणि काहींना एकही नसते. २० घ्या, ३१ घ्या, ४२ किंवा ९७ घ्या. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून त्या येत नाहीत. त्या आपल्या आपण प्रकट झालेल्या. जगात या संख्यांना 'देवळाली संख्या' असंही म्हणतात. डुलाली शब्दाचं उट्टं काढायची याहून चांगली रीत मला सुचत नाही.

तिसऱ्या गटाला तर त्यांचंच नाव मिळालं. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसंच २९७ चं. वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, बेरीज परत ७०३. या कापरेकर संख्या.

आणि मग ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच. कितीही फिरलात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येता आणि तिथेच थांबता, कारण ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि १९५३ मध्ये ते 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात छापून आलं. मी त्यांचंच जन्मसाल घेऊन पाहिलं. १९०५ वरून ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. नियमात बसतील तेवढ्या सगळ्या पायऱ्या चढायला लावणारं साल त्यांच्या वाट्याला आलं होतं.

हे सगळ्या संख्यांसाठी खरं आहे, हे संगणकावर दहा ओळींत तपासता येतं. नवीन भाषा शिकणारी मुलं ही आज्ञावली हमखास लिहितात. पण गंमत अशी की संगणक लागतच नाही. वजाबाकीचं उत्तर सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान अंकातला फरक आणि मधल्या दोन अंकांतला फरक, या दोनच गोष्टींवर ठरतं. पहिल्या फरकाची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज म्हणजे उत्तर. म्हणून नऊ हजार नऊशे नव्वद संख्यांपासून पहिल्या वजाबाकीनंतर फक्त ५४ प्रकारची उत्तरं निघू शकतात. चोपन्न गणितं म्हणजे एका रविवारचं काम, तेही वहीवर.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की असा माणूस हयातीत मोठ्या मानाने जगला असेल. तसं झालं नाही. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम हसण्यावारी नेलं. त्यांचे काही लेख छोट्या नियतकालिकांत आले. बाकीचं त्यांनी देवळालीतून स्वतःच पुस्तिका छापून प्रसिद्ध केलं. शाळामास्तरच्या पगारात पुस्तिका छापणं म्हणजे काय, हे आपल्या व्यासपीठावर बसलेल्या सर आणि बाईंना मी सांगायला नको.

टीकेत तथ्य नव्हतं असंही मी म्हणणार नाही. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात अशा अंकांच्या करामतींना गंभीर गणितात जागा नाकारली. त्यांच्या उदाहरणांत ८७१२ आणि ९८०१ या संख्या होत्या, ज्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत येतात. मुद्दा असा की हे गुण संख्येचे कमी आणि ती लिहिण्याच्या पद्धतीचे जास्त. आपल्याला दहा बोटं म्हणून आपण दहाच्या पायावर मोजतो. आठच्या पायावर मोजलं असतं तर ६१७४ ची जादू नाहीशी झाली असती. मूळ संख्या मात्र कोणत्याही पायात मूळच राहते. माझं रोजचं काम दोनच्या पायावर मोजणाऱ्या यंत्राशी असल्याने हा मुद्दा मला चांगला कळतो, आणि तो खोडून काढता येत नाही.

तरीही मी कापरेकरांच्या बाजूने उभी राहते, त्याची कारणं दोन. एक, पाया बदलला तरी प्रश्न बदलत नाही. आठच्या पायात काय होतं, पाच अंकांत काय होतं, तीन अंकांत ४९५ च का येतं, हे सगळे प्रश्न त्यांच्या एका वजाबाकीतून जन्मले आणि लोक आजही त्यावर लिहीत आहेत. हार्डींनी नापसंत केलेली ९८०१ तर ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ अधिक ०१ म्हणजे ९९. एकाला जिथे दार बंद दिसलं तिथेच दुसऱ्याला वाट दिसली. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गंभीर गणिताच्या दारापर्यंत पोचायला आज वीस वर्षं शिकावं लागतं. कापरेकरांच्या दारात सहावीतलं पोर पाटी घेऊन उभं राहू शकतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बस. आणि आत गेल्यावर त्याला कळतं की गणितात अजून कोणाला न सापडलेलं काहीतरी शिल्लक आहे आणि ते आपल्यालाही सापडू शकतं. ही गोष्ट पुस्तकातल्या उदाहरणसंग्रहातून कधीच कळत नाही. शिक्षकानेच शोधलेलं असेल तर मात्र चटकन पटते.

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत राहिले. संख्यांचं काम सुटलं नव्हतं. मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिलं. ते सदर जगभरचे गणितप्रेमी वाचत. देवळालीत छापलेल्या पुस्तिकांमधली नावं एका महिन्यात जगात गेली. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पुढे अकरा वर्षांनी ते देवळालीतच वारले.

आज पूर्णांकांच्या मालिकांचा जो मोठा ऑनलाइन कोश आहे, त्यात डेमलो, हर्षद, स्वयंभू आणि कापरेकर या चारही मालिकांना आपापली नोंद आहे. ज्यांनी त्यांना हसून घालवलं, त्यांच्यापैकी किती जणांच्या नावाने तिथे नोंद असेल, हा हिशेब मी तुमच्यावर सोडते.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपली सतरा अंकी संख्या एक्सेलच्या चौकटीत टाइप करून पाहा. शेवटचे २१ जातात आणि तिथे दोन शून्यं येतात, कारण एक्सेल पंधराच अंक अचूक धरतं. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून लिहिली तर शेवटचा १ जाऊन ० येतो. नेहमीच्या पद्धतीत दोनच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्णांकाला जागा असते. त्यापुढच्या पट्ट्यात विषम संख्यांना जागाच उरत नाही, आणि आपली संख्या तिथली आणि विषम आहे. यावर उपाय आहेत आणि आम्ही ते रोज वापरतो. मोठे खातेक्रमांक आम्ही अक्षरांसारखे साठवतो ते याचसाठी. पण उपाय करायला आधी ध्यानात यावं लागतं. कापरेकर शेवटच्या एकापर्यंत सगळे अंक कागदावर मांडत, आणि त्यातला एकही ते गोलात जाऊ देत नव्हते.

मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या रांगेत उभे असाल तेव्हा आपापलं जन्मसाल घेऊन ती वजाबाकी करून पाहा. आपल्या वर्गात १९७९ ची आणि १९८० ची अशी दोन्ही मंडळी आहेत. १९८० वाले तीन पायऱ्यांत ६१७४ ला पोचतात, १९७९ वाल्यांना सहा लागतात. बरोबर मुलं असतील तर कागद त्यांच्या हातात द्या आणि उत्तर आधी सांगू नका.